सामानात आलेली पुस्तकं

इम्तियाज मुकादम दाभोळहून परतला
तेव्हा त्याच्या तीस किलोंत
सव्वादोन किलो पुस्तकं होती.
तेवढ्यासाठी त्याच्या आईनं
आमसुलांची एक पिशवी बाहेर काढली
आणि मला नाव घेऊन चार शब्द सुनावले.

आधी कादंबरी. जाड.
नायक आखातात येतो. दर तिसऱ्या पानावर चंद्र,
चंद्राखाली वाळू, वाळूत त्याचा एकटेपणा.
मी फहाहीलमध्ये अकरा वर्षं आहे.
वाळू मी मुख्यतः खिडकीच्या फटीत पाहिली,
ओल्या फडक्यानं पुसली.
लेखक बहुतेक इथं आलेला नाही.
आला असता तर त्याला कळलं असतं
की ऑगस्टात गार पाण्याचा नळ पोळतो,
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि गरमच्या नळाखाली आंघोळ करतो.
एवढं एक वाक्य घातलं असतं
तर मी त्याला सगळे चंद्र माफ केले असते.

तरी एका जागी थांबलो.
नायकाचा फोन वाजतोय
आणि बायको पोळ्या लाटतेय,
फोन थांबतो, पुन्हा वाजतो,
ती लाटत राहते कणीक संपेपर्यंत.
हे त्याला कुठून कळलं कुणास ठाऊक.

मग चित्रांचं पुस्तक, हारिसच्या पोराचं, झियादचं.
अरबी. मला अक्षर लागत नाही,
मी आपल्या सवयीनं डावीकडून उघडलं.
पहिल्याच पानावर मेलेला घोडेस्वार उठून बसला.
बाण छातीतून निघून धनुष्यात परत गेला,
जळणारं गाव हळूहळू विझलं,
आणि शेवटी एक मुलगा उंबऱ्यात खजूर खातोय,
आई त्याचे केस विंचरतेय.
मी म्हटलं, अरे, काय सुंदर गोष्ट आहे!
झियाद हसून हसून उचकी लागेपर्यंत हसला.
पुस्तक फिरवून त्यानं मला नीट दाखवलं.
सुलट वाचल्यावर
त्यात नेहमीचंच होतं.

राहिलं आत्मचरित्र. एका निवृत्त मुख्याध्यापकाचं.
हे मी कोल्ड स्टोअरच्या दारात वाचलं,
पंधरा-पंधरा मिनिटांच्या सुट्टीत.
आत उणे अठरा आणि ब्राझीलच्या कोंबड्या,
बाहेर सत्तेचाळीस.
पानं दमट होत, फुगत.
गुरुजी लिहितात छान. कुठल्या बाकावर
कुणी काय कोरलं होतं, तेही त्यांना आठवतं.
पान एकशे बेचाळीस:
‘मधला भाऊ कुवेतला होता.
पैशाची तशी ददात नव्हती.’
संपलं.
पुढच्या परिच्छेदात शाळेवर पत्रे चढतात,
बहिणीचं लग्न होतं, विहिरीला पाणी लागतं.

मी मागची पानं चाळली, पुढची चाळली.
भावाचं नाव कुठंच नाही.
लग्नाच्या फोटोत चौदा माणसं;
त्यांत तो कसा असेल, त्याला रजा मिळाली नसणार.
कोंबड्यांच्या पावतीवर लिहायची पेन्सिल काढून
समासात लिहिलं: पत्र्यांचे पैसे कुणाचे, गुरुजी?
मग वाटलं, माझ्या धाकट्यानं लिहिलं
तर तो मला किती वाक्यं देईल?
दोनच दिली तर
त्यात खोटं काय असेल?
आणि मी लिहिलं, तर त्याच्याबद्दल
मला काय माहीत आहे, त्याच्या बुटाच्या मापापलीकडे?
चष्म्यावर वाफ धरली.
इथं आतून बाहेर आलं की धरते.

पुसल्यावर दिसलं
की त्या पानाचा कोपरा
आधीच दुमडलेला होता.

रात्री इम्तियाजला विचारलं.
म्हणाला, जुनं पुस्तक आहे, रद्दीतून घेतलं, असेल कुणीतरी.
थोड्या वेळानं म्हणाला, विमानात मी वाचत होतो.
मग म्हणाला, चल,
सार गार होतंय.